अमेरिकेतले गर्भपाताचे खटले : कोर्टात जाऊन मिळतंय काय?

मिरजकर :
जून २०२२ मध्ये डॉब्ज खटल्याचा निकाल आला, देशभर गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल गेला, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हात झटकले की गर्भपाताचं काय ते ज्या त्या राज्यातल्या लोकांनी आणि त्यांनी निवडून दिलेल्यांनी बघावं. तेव्हापासून एकेका राज्याच्या बंदीला त्या राज्याच्याच कोर्टात आव्हान देणं चालू आहे. माझं स्पष्ट मत, हा निव्वळ पैशाचा आणि वेळेचा चुराडा आहे. साऊथ कॅरोलायना बघा. त्यांच्या राज्यघटनेत प्रायव्हसीचा हक्क चक्क लिहिलेला आहे, त्यावर जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने सहा आठवड्यांची बंदी ३ विरुद्ध २ ने रद्द केली. निकाल लिहिणाऱ्या बाई न्यायमूर्ती वयामुळे रिटायर झाल्या, विधिमंडळाने (तिकडे जज तेच निवडतात) त्यांच्या जागी पुरुष बसवला, जवळपास तोच कायदा परत पास केला आणि ऑगस्टमध्ये त्याच कोर्टाने ४ विरुद्ध १ ने तो उचलून धरला. घटना तीच, खुर्चीवरचा माणूस बदलला. त्यापेक्षा मतदान बरं. कॅन्सस म्हणजे कट्टर रिपब्लिकन राज्य, तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये घटनेतून हा हक्क काढायचा प्रस्ताव आला आणि लोकांनी साधारण ५९ टक्के मतांनी आपटला. ओहायोत २०२३ ला लोकांनीच हक्क घटनेत घातला. वकिलांची फी भरण्यापेक्षा हे करा ना.

शिल्पा_ह्यूस्टन :
मिरजकर, लोकांनी सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतदानाला टाकायची सोय टेक्ससमध्ये नाहीच हो. जॉर्जियातही नाही. फ्लोरिडात आहे पण तिथे ६० टक्के लागतात, २०२४ ला ५७ पडले आणि बंदी तशीच राहिली. म्हणजे सत्तावन्न टक्के लोक एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला. आम्ही इथे राहणाऱ्यांनी कोर्टात नाही जायचं तर कुठे जायचं, गर्भपात कायदेशीर असलेल्या शेजारच्या न्यू मेक्सिकोत? जातातच म्हणा बायका, एकेका बाजूला नऊ-दहा तास गाडी चालवून, ज्यांना रजा मिळते आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्या. एच-फोर व्हिसावर (नोकरदाराच्या जोडीदाराचा) आलेली, नवऱ्याच्या इन्शुरन्सवर असलेली, लायसन्स न काढलेली मुलगी काय करणार ते पुण्यात बसून सांगू नका.

नरहरी_काका :
मी बंदीच्या बाजूचा आहे, ते आधीच सांगतो म्हणजे कोणी शोधाशोध करायला नको. पोटातला जीव हा जीव आहे, त्याच्या बाजूने कोर्टात वकीलपत्र कोणी घेत नाही म्हणून ते काम विधिमंडळाला करावं लागतं. रो चा निकाल सात जजांनी देशावर लादलेला होता, तो फार पुढे आणि फार घाईने गेला असं सुप्रीम कोर्टाच्या उदारमतवादी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग बाईसुद्धा म्हणायच्या, आणि त्या काही माझ्या बाजूच्या नव्हत्या. आणि टेक्ससचा एवढा बागुलबुवा कशाला? आईच्या जीवाला धोका असेल तर गर्भपात करता येतो असं कायद्यात आहे. केट कॉक्सच्या केसमध्ये (डिसेंबर २०२३) टेक्सस सुप्रीम कोर्टाने तर सरळ लिहिलं की डॉक्टरला कोर्टाची परवानगी लागतच नाही, डॉक्टरनेच ठरवायचं. याहून जास्त काय पाहिजे?

शिल्पा_ह्यूस्टन :
काका, तीच केस पूर्ण सांगा की मग. कॉक्सबाई वीस आठवड्यांच्या गरोदर, बाळाला ट्रायसोमी १८ (गुणसूत्रांचा जीवघेणा दोष), आधीची दोन सिझेरियन, पुढे परत मूल होणं धोक्यात. खालच्या कोर्टाच्या जजने परवानगी दिली, त्याच दिवशी टेक्ससचे ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) पॅक्स्टननी ह्यूस्टनच्या तीन हॉस्पिटलांना पत्रं धाडली की या ऑर्डरने तुम्हाला संरक्षण मिळत नाही. वरच्या कोर्टाने आधी स्टे दिला आणि मग तुमचं ते वाक्य लिहिलं की डॉक्टरनेच ठरवायचं, पण याच डॉक्टरने ठरवलेलं पुरेसं नाही कारण तिने प्रामाणिकपणे वाटतं असं लिहिलंय, 'वाजवी वैद्यकीय निर्णय' असं लिहिलेलं नाही! निकाल यायच्या आधीच बाई राज्याबाहेर गेली. चुकलं तर डॉक्टरला ९९ वर्षांपर्यंत कैद, किमान एक लाख डॉलर दंड आणि लायसन्स गेलं. अशात कुठला डॉक्टर ठरवेल हो? अमांडा झुरॉस्कीची पाण्याची पिशवी अठराव्या आठवड्याच्या सुमारास फुटली, बाळ वाचणार नाही हे सगळ्यांना माहीत, पण ठोके चालू म्हणून थांबले, शेवटी तिला सेप्सिस (शरीरभर जंतुसंसर्ग) झाला तेव्हा हात लावला. तिने आणि इतर बायकांनी केलेली केस मे २०२४ मध्ये याच कोर्टाने एकमताने फेटाळली.

नरहरी_काका :
वाईट झालं, मी नाही कुठे म्हणतोय. पण तो डॉक्टरांचा आणि त्यांच्या वकिलांचा भित्रेपणा आहे, कायद्याचा दोष नव्हे. आणि जिथे कायदा धूसर होता तिथे २०२५ मध्ये टेक्ससच्याच विधिमंडळाने दुरुस्ती केली, धोका अगदी दारात येईपर्यंत थांबायची गरज नाही असं स्पष्ट लिहिलं, दोन्ही पक्षांनी मतं दिली. कोर्टाने नाही केलं, आमदारांनी केलं. मिरजकरांचाच मुद्दा सिद्ध झाला की.

बंड्या_नागपूरकर :
आमदारांना दोन वर्षं झोप लागली होती का बे. त्या बायका कोर्टात उभ्या राहून शपथेवर बोलल्या, टीव्हीवर आल्या, तवा कुठं यांना घाम फुटला. खटला हरला तरी त्याचा धक्का विधिमंडळाला बसतो, आम्ही वकिलीत हे रोज बघतो. बाकी त्या दुरुस्तीतबी बलात्कारासाठी काही नाही अन् कॉक्सबाईसारख्या बाळाच्या आजारासाठीबी काही नाही, तेही लिहा काका.

आणि मिरजकर, कॅन्ससचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथं मतदान घ्यावं लागलं ते कशापायी? २०१९ मध्ये कॅन्ससच्या सुप्रीम कोर्टानं हा हक्क आपल्या घटनेत आहे असा निकाल दिला म्हणून. तो निकाल मोडायला प्रस्ताव आणला अन् पडला. कोर्टात कोणी गेलंच नसतं तर लोकांनी राखायचं काय होतं? माझं आवडतं राज्य मात्र वायोमिंग. ओबामाकेअरला (ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याला) खुन्नस म्हणून २०१२ ला यांनी घटनेत घातलं की आपल्या औषधपाण्याचा निर्णय घ्यायचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या जजबाईंनी तेच कलम लावून गर्भपातबंदी रद्द केली. करायला गेले गणपती, झाला मारुती.

मिरजकर :
नागपूरकर, एक कॅन्सस आणि एक वायोमिंग दाखवून चालत नाही. ॲरिझोनात कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये जवळपास सरसकट गर्भपातबंदीचा १८६४ चा कायदा थडग्यातून उठवला, म्हणजे ॲरिझोना राज्यसुद्धा झालेलं नव्हतं तेव्हाचा, यादवी युद्ध चालू होतं, बायकांना मत नव्हतं. तो पुरला कोणी? मे मध्ये विधिमंडळाने, आणि नोव्हेंबरमध्ये लोकांनी हक्कच घटनेत घातला. कोर्टाने काम वाढवलं फक्त. जॉर्जियात सप्टेंबर २०२४ च्या शेवटी जजने बंदी उडवली, आठवड्याभरात वरच्या कोर्टाने परत लावली. ज्या बाईची त्या आठवड्यातली अपॉइंटमेंट होती तिने काय समजायचं?

अनुजा_के :
टेक्सस सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ जज लोकांच्या मतांवरच निवडून येतात बरं का. कोर्ट विरुद्ध मतपेटी असा भेद तिकडे फार उरतच नाही.

नरहरी_काका :
एक विचारू? आपल्याकडे मुलींचे गर्भ पाडत होते तेव्हा तो 'बाईचा निर्णय' म्हणून आपण सोडलं का? महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी कायदा केला, आणि आपण त्याचा अभिमान सांगतो. तिकडे ॲरिझोनाने २०११ ला लिंगनिवडीच्या गर्भपातावर बंदी आणली तर स्त्रीवादी संघटना कोर्टात.

अनुजा_के :
काका, आपला कायदा गर्भलिंग तपासणीवर होता. सोनोग्राफीवाला आणि डॉक्टर यांना धरलं, गर्भपात कायदेशीरच राहिला (१९७१ पासून आहे). ॲरिझोनात डॉक्टरने बाईच्या मनात शिरून कारण शोधायचं, आणि विधिमंडळात बोट दाखवलं गेलं ते आशियाई बायकांकडे, म्हणजे तुमच्या-माझ्या भाच्यांकडे. म्हणून एनएएसीपी (कृष्णवर्णीयांच्या हक्कांची संघटना) आणि आशियाई बायकांची संघटना २०१३ मध्ये फेडरल कोर्टात गेल्या. कोर्टाने कायदा बरोबर की चूक यात हातच घातला नाही, तुम्हाला केस करायचा अधिकार पोचत नाही म्हणून काढून टाकली.

बंड्या_नागपूरकर :
हा 'अधिकार पोचत नाही'वाला दरवाजा दोन्ही बाजूंना लागतो. जून २०२४ मध्ये मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीच्या विरोधातले डॉक्टर याच कारणावर सुप्रीम कोर्टातून नऊच्या नऊ मतांनी परत गेले. अवांतर : आता खरी मारामारी राज्य विरुद्ध राज्य आहे. न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरनं टेक्ससमधल्या बाईला गोळ्या पाठवल्या म्हणून कॉलिन काउंटीच्या (हो, तीच प्लेनो-फ्रिस्कोवाली, निम्मं हिंजवडी तिथं राहतं) जजनं फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या डॉक्टरबाईला एक लाखावर डॉलर दंड लावला. न्यूयॉर्कचा कायदा असल्या डॉक्टरांना पाठीशी घालतो, त्यामुळं तिथल्या काउंटी क्लार्कनं टेक्ससचा तो निकाल दाखल करून घ्यायलाच नकार दिला.

मिरजकर :
बघा, परत तेच. एका राज्याने निवडून दिलेला कायदा दुसऱ्या राज्याने निवडून दिलेल्या कायद्याला भिडला. माझं म्हणणं तेच राहतं, न्यूयॉर्ककरांनी मतं दिली म्हणून त्या डॉक्टरला आधार आहे, कोर्टामुळे नाही.

शिल्पा_ह्यूस्टन :
आणि गोळ्या मागवणारी बाई टेक्ससमध्ये आहे, तिच्या मताचं काय ते मी वर माझ्या पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय.