मदत हवी आहे: क्वीनची व्हिडिओ डीव्हीडी घेऊ का?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स'चा पहिला संच (२००२) सेकंडहँड मिळतोय. शंका चित्राच्या चौकटीची. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा १९७५चा व्हिडिओ मुळात व्हिडिओटेपवर, ४:३ मध्ये, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी चौकटीत, चित्रित झालेला. रुंद पडद्यासाठी वर-खाली कात्री लावली असेल, तर काळोखातल्या त्या चार चेहऱ्यांची कपाळंच उडायची! विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत फक्त गाण्यांची नावं दिसतात. यूट्यूबवर बरंच पाहिलं, पण त्यावरून डिस्कचं काही कळत नाही. व्हीएचएस प्लेयर नाही, त्यामुळे त्यांच्या व्हिडिओंची १९८१ची कॅसेट 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' बाद. ५.१ (सहा स्पीकरच्या सराउंड) आवाजाचंही कौतुक नाही, घरी दोनच स्पीकर आहेत. ज्यांच्याकडे हा संच आहे त्यांनी कृपया सांगा: चित्र मूळ चौकटीत आहे की कापलेलं? आणि साधा स्टिरिओ ट्रॅक वेगळा निवडता येतो का?