अनुभव धागा: विमानाचं अंतर आणि लागणारा वेळ, हिशेब कसा मांडता?

पश्चिमवारा
आज कोणीतरी नकाशावर पट्टी ठेवून दोन विमानतळांमधलं अंतर मोजताना दिसलं आणि हा जुना वाद आठवला. पट्टी बाजूला ठेवा. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, तो जिथून जाईल तो सर्वांत जवळचा मार्ग. म्हणूनच टोकियो-न्यूयॉर्क वाट सरळ पूर्वेला न जाता वर अलास्काकडे चढते. वेळेसाठी किलोमीटरला ८५० ने भागून अर्धा तास वाढवायचा. तुमची रीत लिहा.

खिडकीची सीट
अर्धा तास पुरत नाही. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीसाठी रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या... पाऊण तास धरा.

ढगफुटी
आणि वारा? तो कुठे गेला हिशेबात? अंतर १२,००० किमी, वेग ताशी ९०० धरला तर १३ तास २० मिनिटं. समोरून १०० चा वारा असेल तर १५ तास, पाठीमागून असेल तर १२. मार्ग तोच, फरक ३ तासांचा! मध्य अक्षांशांवर खूप उंचावरचे वाऱ्याचे झोत (जेट स्ट्रीम) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जोर जास्त.
दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को बघा. २०१६ मध्ये एअर इंडियाने ते विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने पूर्वेकडे न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किमी झालं आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटला. कुकर लावलाय, बाकी नंतर.

खिडकीची सीट
@ढगफुटी शिट्ट्या मोजा आधी 😄

शून्य रेखांश
अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र स्वतः लावणाऱ्यांसाठी: पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी, अंश आधी रेडियनमध्ये बदला, पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे. उणे चिन्ह विसरलं की विमानतळ भलत्याच खंडात. सागरी मैलात उत्तर आलं तर गुणिले १.८५२. विमानतळाचा तीन अक्षरी कोडही तपासा. सॅन होजे दोन आहेत, एसजेसी कॅलिफोर्नियात, एसजेओ कोस्टा रिकात.

रात्रपाळी
निघण्याची वेळ उतरण्याच्या वेळेतून वजा करणारे अजून आहेत का? दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा. उन्हाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालं म्हणजे यूटीसी सकाळचे ८. दहा तासांनी लॉस एंजेलिसला उतरताना तिथे त्याच तारखेचे सकाळचे ११!

ताईचा मोबाईल
म्हणजे निघायच्या आधीच पोचले 😂

शून्य रेखांश
बंद आकाश राहिलं. २०२२ पासून फिनलंडच्या विमानांना रशियावरून जाता येत नाही. हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांचं जवळपास तेरा झालं. विमानतळ हलले नाहीत, त्यामुळे अंतर सांगणाऱ्या साइट अजून जुनाच आकडा दाखवतात.

ताईचा मोबाईल
सर्वांत लांबचं सिंगापूर-न्यूयॉर्कच ना? किती तास?

ढगफुटी
आले परत. हो, सुमारे १५,३०० किमी, साडेअठराच्या वर. त्या मार्गावरच्या एअरबस ए३५० विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं, सीट फक्त १६१. साधी इकॉनॉमी नाहीच.

रात्रपाळी
अवांतर: केबिनची हवा फार कोरडी असते. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी चष्मा हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

ताईचा मोबाईल
आणि पायमोजे? लांबच्या प्रवासात पाय सुजू नयेत म्हणून घालतात ते घट्टवाले, कुठल्या मापाचे घ्यायचे?

रात्रपाळी
घोटा आणि पोटरीचा घेर मोजून. सकाळी मोजा, संध्याकाळी पाय सुजलेले असतात.