कागोशिमातल्या छोट्या बारमध्ये शोचू कशी मागवावी?

सागरगोटा
नोव्हेंबरात जपानमधल्या कागोशिमाला जातोय. तेनमोनकान भागात जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर शोचूचे, म्हणजे जपानी ऊर्ध्वपातित दारूचे, आठ-दहा खुर्च्यांचे बार आहेत. बाहेर जेमतेम पाटी, आत भिंतभर बाटल्या, सगळी लेबलं जपानी. सुरुवात कशाने करावी? गरम पाण्याचं प्रमाण काय? बायको शाकाहारी आहे.

रानवारा
तिथे रताळ्याचीच प्या, 'इमो'. काढणीचा हंगाम असल्याने त्या वर्षीची नवी शोचूही मिळेल. बाटलीत बहुधा 25 टक्के अल्कोहोल असतं. 'ओयुवारी, रोकुयोन' म्हणा: 6 भाग शोचू, 4 भाग गरम पाणी, म्हणजे पेल्यात 15 टक्के. पाणी 70-80 अंशांचं आणि आधी पाणीच. पेला तापतो, पाणी जरा निवतं, वरून हळू ओतलेली शोचू आपसूक मिसळते. शोचूवर उकळतं पाणी ओतलं तर अल्कोहोलची वाफ थेट नाकात जाते आणि रताळ्याचा गोडवा हरवतो.

कोजीवाला
पहिलाच पेला ओयुवारी नको, गरम केल्यावर वास दुप्पट अंगावर येतो. फेणी आवडत असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर आधी सोडा घालून घ्या, मग गरम. शिवाय 'जोआत्सु' की 'गेन्आत्सु' हे विचारा. पहिलीचं ऊर्ध्वपातन नेहमीच्या दाबाला होतं, ती भारदस्त. दुसरीत दाब कमी केल्याने मिश्रण साधारण 40-50 अंशांनाच उकळतं, करपट वास येत नाही, शोचू हलकी उतरते. गरम पाण्याला मात्र जोआत्सुच शोभते.

'माएवारी' असेल तर सोडू नका. शोचू आणि पाणी आदल्या दिवशीच मिसळून मुरवतात आणि 'कुरोजोका' या काळ्या चपट्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर कोमट करतात. घरीही जमतं: 6:4 मिसळून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, बाटली गरम पाण्यात उभी करून 40-45 अंशांवर आणा. बोअरचं जड पाणी वापरू नका.

रानवारा
सोड्याचं पटलं.

शाकाहाराचं बसतानाच सांगा. न मागता येणारी छोटी वाटी म्हणजे 'ओतोशी'. तिचे काहीशे येन बिलात लागतात आणि तिच्यात बहुतेकदा 'दाशी', म्हणजे माशाचं सार, असते. सुकवलेल्या बोनितो माशासाठी प्रसिद्ध माकुराझाकी याच प्रांतात आहे, त्यामुळे ती चव सगळीकडे. 'सात्सुमा-आगे' वड्यासारखं दिसतं, पण ते माशाचंच. एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, चालतील. थंड तोफू हवा असेल तर 'कात्सुओबुशी नाशी' म्हणा, म्हणजे वरचा बोनितोचा कीस घालणार नाहीत. सोयासॉसही साधा आहे ना, विचारा. त्यातही कधी दाशी असते.