कोपरखैरण्यावरून उतरणारी विमानं : अर्जात नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोपरखैरण्यात सातव्या मजल्यावर राहतो. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्यावरून खाडीकडे जातात. (उलव्याचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, ते वेगळं.) सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. रात्री दीड-दोनला झोप मोडली की पहाटेपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. सोसायटीतर्फे अर्ज करायचाय आणि मसुदा माझ्याकडे आलाय. नुसतं "आवाज कमी करा" लिहून भागणार नाही, म्हणून वाचायला घेतलं आणि अडकले.

पहिला उपाय सगळीकडे एकच दिसतो. विमानाने पायरी-पायरीने न उतरता एकाच उतारावर, इंजिन मंद ठेवून यायचं. मध्ये सपाट उडताना इंजिनाला जो जोर लावावा लागतो तो वाचतो, आवाजही वाचतो. पटलं. पण आमच्यापासून धावपट्टी जेमतेम १३ किलोमीटर. इथे विमान आधीच तीन अंशांच्या उतारावर असतं, उंची साधारण २,२०० फूट. म्हणजे या उपायाचा फायदा पार बदलापूरच्या बाजूला होईल, आम्हाला फारसा नाही. माझं बरोबर आहे का?

गच्चीवरून बघितलं तर काही विमानांची चाकं आमच्यावर येईपर्यंत बाहेर आलेली असतात, काहींची नसतात. चाकं बाहेर असली की वाऱ्याची घरघर वाढते, ती कानाला स्पष्ट कळते. चाकं थोडी उशिरा काढा असं नियमात घालता येतं का, की तो निर्णय सर्वस्वी वैमानिकाचा? सुरक्षिततेला जराही धक्का लागेल असं मला काही मागायचं नाही.

लंडनच्या हीथ्रोला दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलतात, त्यामुळे एका वस्तीला अर्धा दिवस शांतता मिळते. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत. मुंबईच्या दोन्ही एकमेकींना छेदतात, मग रात्रीपुरती तरी अशी पाळी शक्य आहे का?

शिवाय केंद्र सरकारच्या विमानतळांच्या आवाजाबद्दलच्या २०१८ च्या मानकांत गजबजलेल्या विमानतळांभोवती रात्रीची मर्यादा ६५ डेसिबल आहे, तीही सरासरी. झोप सरासरीने मोडत नाही, एका विमानाने मोडते. प्रत्येक विमानाचा कमाल आवाज मोजून मागावा का?

हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे, म्हणून अर्ज तिकडेच पाठवायचं ठरवतेय. डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) प्रत द्यावी का? नियंत्रण कक्षात काम केलेलं किंवा असा अर्ज आधी केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. रविवारी सोसायटीची बैठक आहे.