मदत हवी आहे: होडीची बॅटरी, एएच आणि कूलोम

मंडळी, जरा हिशोब बघा. आमच्या मालवणच्या होडीवर १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी आहे, रात्री जाळं ओढताना लाईट, जीपीएस सगळं तिच्यावरच. बारावीतल्या भाचीने कूलोममध्ये (विद्युतभाराचं एकक) काढून दिलं, १ अँपिअर म्हणजे सेकंदाला १ कूलोम, तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे ३,६०,००० कूलोम. इथपर्यंत पटलं.

आता जीपीएससाठी २०,००० एमएएचची पॉवरबँक वेगळी ठेवायची म्हणतोय, म्हणजे २० एएच, ७२,००० कूलोम. मग ती बॅटरीचा पाचवा हिस्सा धरायची का? आतला सेल तर ३.७ व्होल्टचाच, मग व्होल्टने गुणून वॅट-अवर (म्हणजे साठलेली ऊर्जा) बघायचे ना, ७४ विरुद्ध १२००? पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या आत वायरिंग उरकायचंय, समुद्रात लाईट जाऊन चालत नाही, जाणकारांनी प्लीज सांगा.