कांचनाबुरीला जाताय? मग पुलावरून लगेच परत फिरू नका

मृणाल (सी-३०४): दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला चाललोय. एक दिवस क्वाय नदीच्या पुलासाठी ठेवलाय. तिथे आणखी काय बघावं?

सुभेदार काका (ए-१०२): गावातच दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांची मोठी दफनभूमी आहे, जवळपास ७,००० कबरी. बुटक्या दगडांवर ब्राँझच्या पाट्या, नाव, पलटण, वय. वयं वाचत चाला, बावीस, तेवीस, एकवीस... पाय पुढे उचलत नाहीत. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी ४१५ किमीची सयाम-बर्मा (म्हणजे आजचं थायलंड ते म्यानमार) रेल्वे बांधून घेतली, हा पूल त्याच रेल्वेचा. त्या कामात १२,००० हून जास्त कैदी मेले. आणि पुलाजवळ ताकाशी नागासेंचा पुतळा आहे, तोही बघा.

देशमुख काकू (बी-२०१): जपानी माणसाचा पुतळा? तिथे?

सुभेदार काका: हो वहिनी. ते जपानी सैन्यात दुभाषी होते. कैद्यांच्या छावणीत चोरून बनवलेला रेडिओ सापडला, तेव्हा एरिक लोमॅक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याचे हाल केले. प्रश्न विचारणारा आवाज नागासेंचा होता. जपान हरल्यावर हेच नागासे दोस्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर रेल्वेच्या कडेने कैद्यांच्या कबरी शोधत फिरले. १९६३ मध्ये बायकोला घेऊन याच दफनभूमीत फुलं वाहायला आले. त्यानंतर शंभराहून जास्त वेळा आले. १९७६ मध्ये जुने कैदी आणि जपानी सैनिक यांना त्यांनी पुलावर एकत्र आणलं. १९८६ मध्ये पुलाजवळ शांतिमंदिर बांधलं. थाई मुलांना शिष्यवृत्त्याही दिल्या.

रोहन (डी-४०३): काका, पण छळाच्या खोलीत होते ना ते? इतकं केलं म्हणून पुतळा?

सुभेदार काका: प्रश्न रास्त आहे. लोमॅक्सचाही राग पन्नास वर्षं गेला नव्हता. १९९३ मध्ये दोघं कांचनाबुरीलाच भेटले. नागासे थरथरत होते, पुन्हा पुन्हा माफी मागत होते. पुढे जपानमध्ये लोमॅक्सनी त्यांना माफ केल्याचं लिहून दिलं. ज्यानं सोसलं त्यानं माफ केलं, तिथे मी काय बोलू? मी फौजेतला माणूस. आपल्या बाजूनं चुकलं असं स्वतःच्या देशात उभं राहून आयुष्यभर सांगायला काय लागतं, ते मला कळतं. नागासे २०११ मध्ये गेले, लोमॅक्स २०१२ मध्ये.

देशमुख काकू: आणि मलायातून नेलेले तमिळ मजूर? तेही याच रेल्वेवर मेले ना?

सुभेदार काका: तेच सलतं वहिनी. तमिळ, मलय, बर्मी मिळून ९०,००० च्या आसपास मजूर गेले असा अंदाज आहे. कैद्यांची नावं ब्राँझमध्ये कोरलीत, यांची कुणी लिहूनही ठेवली नाहीत. दफनभूमीजवळच्या वाट थावोर्न मंदिरात मजुरांच्या अस्थींवर स्तूप आहे. मृणाल, आधी तिथे जा.

रोहन: पुतळ्याबद्दल माझं मत अजून तेच आहे काका. पण स्तूपाचा फोटो नक्की टाक गं मृणाल.

मृणाल: टाकते. ड्रायव्हरला मंदिराचं नाव कसं सांगू?

सुभेदार काका: वाट थावोर्न वराराम. फुलं मात्र सकाळीच घेऊन ठेव.