कॉमन अॅपमध्ये खो-खो कसा लिहायचा?

दादरची_आई:
लेक बारावीत आहे. आठवीपासून मंडळातून खो-खो खेळते. दहावीपर्यंत शाळेच्या संघात होती, आता ज्युनियर कॉलेजच्या. शालेय राज्य स्पर्धा दोनदा खेळली, एकदा कर्णधार होती. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अॅप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन प्रवेश अर्ज) भरतोय. प्रमाणपत्रं फाइलभर आणि उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं! काय ठेवू, काय गाळू?

पोल_डाइव्ह:
ताई, त्या १५०मध्ये मोकळ्या जागाही मोजतात. पण पदाला वेगळी ५० आणि संस्थेच्या नावाला १०० अक्षरं आहेत. 'कर्णधार' आणि मंडळाचं नाव तिकडे टाका, वर्णनात पुन्हा नको. आठवी गाळा, फॉर्म नववीपासूनच विचारतो. बक्षिसं 'ऑनर्स'मध्ये जातात: पाच जागा, प्रत्येकी १०० अक्षरं.

वाचणाऱ्याने खो-खो पाहिलेला नसतो. 'डीएसओ विजेता' (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धेचा विजेता) लिहिलंत तर त्याला काहीच कळणार नाही. पहिले चार शब्द खेळ सांगायला वापरा: नऊ जणींचा पाठलागाचा खेळ. मग थेट तिचं काम. संरक्षणात किती मिनिटं-सेकंद नाबाद राहिली, आक्रमणात किती गडी टिपले. हे आकडे सामन्याच्या गुणपत्रिकेवर असतात, प्रमाणपत्रावर नसतात, म्हणून आजच सरांकडून त्याचे फोटो मागवून घ्या. 'संघभावना शिकले' यात अक्षरं घालवू नका.

शालेय राज्य स्पर्धेत ८ विभागांचे संघ उतरतात. 'मुंबई विभाग विजेता, राज्यात ८ संघांत अमुक क्रमांक' एवढं लिहिलं की वजन कळतं. बक्षिसाचा स्तर 'राज्य/प्रादेशिक' निवडा. मंडळांच्या निमंत्रित स्पर्धेच्या नावात 'अखिल भारतीय' असलं, तरी तेवढ्यावर 'राष्ट्रीय' टिक करू नका. ते खोटं ठरतं, आणि एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही शंका येते.

मैदान_सहा_वाजता:
सगळ्यात जास्त चूक आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे भरताना होते. रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस म्हणजे १२, हे बरोबर. पण आठवडे ५२ लिहितात! पावसाळ्यात मातीचं मैदान चिखल होतं, साधारण १२ आठवडे सराव बुडतो. परीक्षांचे सहा काढा. उरले ३४. पावसाळ्यात हॉलमध्ये व्यायाम होत असेल तर ते आठवडे धरा, पण मग आठवड्याच्या तासांची सरासरी खाली आणा. शेवटी सगळ्या उपक्रमांचे तास एकत्र मिळवून बघा. कॉलेज आणि क्लास धरून दिवसात मावत नसतील तर कुठेतरी फुगलेत.

विंगेवरून:
शाळा, कॉलेज, मंडळ अशा तीन नोंदी करू नका, उपक्रमांना दहाच जागा आहेत. मंडळाच्या नावाने नववी ते बारावी एकच नोंद, प्रकार 'अॅथलेटिक्स: क्लब'. कॉलेजचं कर्णधारपद असेल तरच दुसरी.

अमेरिकन कॉलेजांत खो-खोचे अधिकृत संघ नसतात, त्यामुळे तिथल्या प्रशिक्षकांना मेल करण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा सरांचं शिफारसपत्र घ्या. 'अदर रेकमेंडर'मध्ये प्रशिक्षक चालतात, पण कॉलेज अशी पत्रं घेतं का ते आधी बघा. सरांना स्वतःचा ईमेल लागेल, लिंक त्यावरच जाते. पत्र मराठीत लिहिणार असतील तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडायला सांगा.